जुन्या रेकॉर्ड प्लेअरला स्पीकर जोडताना

माळ्यावरून उतरवलेल्या रेकॉर्ड प्लेअरची मागची बाजू कोरड्या ब्रशने झटकली की तिथे सहसा चारपैकी एक गोष्ट नजरेस पडते. एक गोल भोक आणि एक आडवी फट असलेली दोन छोटी सॉकेटे, पाच भोकांचे एकच गोल सॉकेट, लाल-पांढऱ्या टोकांच्या दोन बारीक वायरी, किंवा काहीच नाही, कारण स्पीकर झाकणातच बसवलेला असतो. या चारही ठिकाणी स्पीकर जोडण्याची रीत वेगळी आहे आणि बहुतेक घोटाळे ती एकच समजल्यामुळे होतात. मी पहिल्यांदा असा प्लेअर घरी आणला तेव्हा पाच भोकांपैकी दोन भोकांत स्पीकरच्या वायरीची उघडी टोके खुपसून मोठ्या उत्साहाने रेकॉर्ड लावली होती. स्पीकर ढिम्म राहिला. मात्र सुईजवळ कान नेला तेव्हा तेच गाणे डासाच्या आवाजात, पण शब्दन्‌शब्द कळेल असे, ऐकू येत होते. प्लेअर बिघडलेला नव्हता. त्या सॉकेटमधून बाहेर येणारा सिग्नल स्पीकरचा पडदा हलवण्याइतका मोठा नव्हता, एवढेच. म्हणून स्पीकर, वायर किंवा ॲम्प्लिफायर विकत घेण्याआधी आपल्या यंत्रातून कितपत मोठा सिग्नल बाहेर येतो हे आधी ठरवावे. ते ठरले की जोडणीचे काम तासाभराचे असते.

चावी देऊन चालणाऱ्या, भोंग्याच्या किंवा पेटीच्या ग्रामोफोनचा इथे विचार केलेला नाही. त्यात विजेचा सिग्नलच नसतो. सुईची थरथर पातळ पडद्याला आणि पडद्याची थरथर भोंग्यातल्या हवेला, असा सगळा यांत्रिक मामला असतो. त्याला स्पीकर जोडता येत नाही, आणि त्यावर एलपी लावण्याचा प्रयोग कोणी करू नये, कारण त्याच्या सुई आणि पडदा बसवलेल्या जड डबीखाली (साउंडबॉक्सखाली) एलपीची खाच एकाच वाजवण्यात खरवडून निघते.

आता आकड्यांकडे वळू. ८ ओहमच्या स्पीकरला केवळ १ वॅट द्यायचा म्हटले तरी त्याच्या टोकांवर सुमारे २.८ व्होल्ट यावे लागतात. मॅग्नेटिक कार्ट्रिज, म्हणजे सुईच्या दांडीला जोडलेले चिमुकले चुंबक तारेच्या वेटोळ्यांजवळ हलून वीज निर्माण करणारे कार्ट्रिज, साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट देते. हे अंतर सुमारे सातशे पटींचे आहे, आणि शिवाय स्पीकरला लागणारा करंट ते कार्ट्रिज देऊच शकत नाही. दुसरा प्रकार सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिजचा. दाब पडला की वीज देणाऱ्या पदार्थाची पट्टी त्यात असते आणि तिच्यातून ०.१ पासून १ व्होल्टपर्यंत सिग्नल मिळतो. घरगुती, स्वस्त आणि पेटीवजा प्लेअरमध्ये हाच प्रकार जास्त आढळतो. तिसरी पायरी म्हणजे प्लेअरच्या आतच ॲम्प्लिफायर असणे. तसे असेल तर स्पीकरच्या सॉकेटमधून थेट स्पीकर चालवण्याइतकी शक्ती मिळते. तुमचे यंत्र या तीन पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर आहे हे ओळखणे हाच या कामातला अवघड भाग आहे.

ओळखण्याच्या काही सोप्या खुणा आहेत. प्लेअरवर आवाज कमी-जास्त करण्याचे आणि बेस-ट्रेबलचे बटण असेल तर आत ॲम्प्लिफायर आहे असे समजावे. केवळ गती निवडण्याचा खटका आणि चालू-बंदचे बटण असेल तर तो नुसता डेक, म्हणजे आत ॲम्प्लिफायर नसलेला प्लेअर आहे. कार्ट्रिजच्या पुढे सुई उलटवण्याची इवलीशी दांडी असेल आणि तिच्या एका बाजूला ७८, दुसऱ्या बाजूला एलपी असे लिहिलेले असेल, तर ते बहुधा सिरॅमिक किंवा क्रिस्टल असते. आर्मचे, म्हणजे कार्ट्रिज धरणाऱ्या दांडीचे, वजनही बरेच सांगून जाते: मॅग्नेटिक कार्ट्रिज दीड ते तीन ग्रॅम भाराने रेकॉर्डवर टेकते, सिरॅमिक त्याहून बरेच जड टेकते. खात्री करायची तर मल्टिमीटर ओहमवर ठेवून एका चॅनलच्या, म्हणजे डाव्या किंवा उजव्या बाजूच्या, वायरीची दोन टोके तपासावीत. काहीशे ते दीड हजार ओहम दिसले तर मॅग्नेटिक, काटा अजिबात हलला नाही तर सिरॅमिक. इथे एक फसगत होते. रेकॉर्ड आपोआप बदलणाऱ्या चेंजरमध्ये आर्म जागेवर असताना सिग्नल बंद ठेवणारा एक स्विच असतो आणि तो दोन्ही टोके एकमेकांना जोडून टाकतो. त्यामुळे मीटरवर शून्य येते आणि माणूस कार्ट्रिज जळाले असे समजून नवे शोधायला बाहेर पडतो. म्हणून मोजताना मोटर बंद ठेवून आर्म हाताने थोडा आत घ्यावा, आणि तरीही शून्यच आले तर कार्ट्रिजच्या पिनांवरून वायरी काढून तिथेच मोजावे. क्रिस्टल कार्ट्रिजबद्दल आणखी एक गोष्ट अशी की त्यातले रोशेल सॉल्ट दमट हवेत खराब होते. मुंबईत किंवा कोकणात अनेक पावसाळे माळ्यावर काढलेले क्रिस्टल जिवंत निघाले तर नशीब म्हणावे. आवाज अगदी क्षीण येत असेल तर दोष स्पीकरला देऊ नये.

यानंतर विजेच्या सुरक्षिततेचा मुद्दा, आणि तो मी मुद्दाम सविस्तर लिहितो आहे. जुनी मेन्स वायर रबराची असेल तर ती वाकवून पाहावी. कडक होऊन तडकली असेल तर प्लेअर भिंतीवरच्या सॉकेटला न लावता आधी ती बदलून घ्यावी. व्होल्टेज निवडण्याचा खटका असेल तर तो सर्वांत वरच्या आकड्यावर, सहसा २४० वर, ठेवावा. अमेरिकेतून आणलेला ११० व्होल्टचा प्लेअर ट्रान्सफॉर्मर लावून चालतो, पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, तिकडच्या ६० हर्ट्‌झऐवजी इथे ५० हर्ट्‌झ मिळतात, तो फरक तो दूर करत नाही. एसी मोटरवर चालणारा असा प्लेअर मोटरची पुली बदलेपर्यंत ३३⅓ ऐवजी मिनिटाला सुमारे २८ फेरेच घेतो आणि गायिकेचा गायक होतो.

व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा, प्लेअर असेल तर दोन पथ्ये कटाक्षाने पाळावीत. पहिले, स्पीकर जोडल्याशिवाय तो कधीही चालू करू नये, कारण भार नसताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज बेसुमार वाढून त्याचे वेटोळे जळू शकते. दुसरे पथ्य जिवाशी संबंधित आहे. काही स्वस्त व्हॉल्व्ह यंत्रांत मेन्सचा ट्रान्सफॉर्मर नसतो आणि लोखंडी चॅसिस, म्हणजे आतला सांगाडा, थेट विजेच्या एका तारेला जोडलेली असते. व्हॉल्व्हवर यूसीएल ८२ असा, म्हणजे ‘यू’ने सुरू होणारा क्रमांक दिसला तर अशी शंका घ्यावी. प्लग उलटा बसला की ती चॅसिस फेज होते, आणि तिथून बाहेर काढलेली कोणतीही वायर, मग ती स्पीकरची असो वा ॲम्प्लिफायरकडे जाणारी, हाताला २३० व्होल्ट देऊ शकते. अशा यंत्रातून स्वतः काहीही बाहेर काढू नये. व्हॉल्व्हचे काम जाणणाऱ्या कारागिराला दाखवावे. प्लग काढल्यानंतरही आतल्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते, हेही झाकण उघडणाऱ्याने लक्षात ठेवावे.

ज्याच्या आत ॲम्प्लिफायर आहे अशा ट्रान्झिस्टर प्लेअरची जोडणी सर्वांत सोपी. एक भोक आणि एक फट असलेली सॉकेटे याच वर्गातल्या यंत्रांना असतात. त्यांचा दोन पिनांचा प्लग ‘स्पीकर डिन’ या नावाने मिळतो. त्यातली गोल पिन धन आणि चपटी पिन ऋण असते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत चौकशी केल्यास असे प्लग अजून मिळतात. स्पीकर निवडताना मागच्या पट्टीवर लिहिलेले ओहम पाहावेत. ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरला लिहिल्यापेक्षा जास्त ओहमचा स्पीकर चालतो, फक्त आवाज थोडा कमी होतो. कमी ओहमचा मात्र चालत नाही, कारण त्यातून जास्त करंट ओढला जाऊन आउटपुट ट्रान्झिस्टर तापतात आणि जातात. दोन ८ ओहमचे स्पीकर एकाच सॉकेटला समांतर जोडले तर ते ४ ओहमचे होतात, हे विसरून पुष्कळ जुनी यंत्रे जळाली आहेत. व्हॉल्व्हच्या यंत्राला मात्र सांगितला तेवढ्याच ओहमचा स्पीकर द्यावा. स्पीकरवरचा आकडा पुसला गेला असेल तर मल्टिमीटरने मोजावे: मीटर खऱ्या आकड्यापेक्षा थोडा कमी दाखवतो, म्हणजे ८ ओहमचा स्पीकर ६ ते ७ आणि ४ ओहमचा ३ ते ३.५ दाखवील.

चांगला स्पीकर लावण्याआधी एक चाचणी करावी, कारण या वयाच्या ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकरच्या वाटेवरचा कंडेन्सर शॉर्ट झालेला असू शकतो आणि मग डीसी थेट स्पीकरच्या कॉइलमध्ये शिरते. ८ ओहम, १० वॅटचा एक रेझिस्टर सॉकेटच्या दोन टोकांना जोडावा, आवाजाचे बटण शून्यावर ठेवून प्लेअर चालू करावा आणि रेझिस्टरच्या टोकांवर डीसी व्होल्टेज मोजावे. एक दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर स्पीकर न जोडता यंत्र दुरुस्तीला द्यावे. ही चाचणी काही रुपयांत होते. जळालेला स्पीकर पुन्हा गुंडाळून घ्यायला त्याच्या कैक पट पैसे पडतात.

या यंत्रांची ताकद बहुधा दोन-चार वॅटची असते, आणि इथेच नव्या स्पीकरांबद्दलचा गैरसमज सांगायला हवा. दुकानदार १०० वॅटचे छोटे, देखणे स्पीकर पुढे करतो आणि आपल्याला वाटते की त्यातून जास्त आवाज येईल. प्रत्यक्षात तो आकडा स्पीकर किती सोसू शकतो हे सांगतो. किती आवाज देतो ते सेन्सिटिव्हिटीच्या आकड्यावरून कळते. ८४ डेसिबलच्या स्पीकरमधून ९० डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज काढायला चौपट वॅट लागतात. जुने कागदी कोनचे (शंकूसारख्या पडद्याचे), मोठ्या लाकडी पेटीतले स्पीकर दोन वॅटांतही खोली भरून टाकतात, म्हणून जुन्या प्लेअरला मी शक्य तेव्हा जुनाच स्पीकर शोधतो.

झाकणात स्पीकर असलेल्या पेटीवजा मोनो प्लेअरला बाहेरचा स्पीकर लावायचा असेल तर आतल्या स्पीकरच्या एका वायरीत असे जॅक-सॉकेट घालावे, की प्लग आत सरकताच आतल्या स्पीकरची वाट तुटते आणि बाहेरचा सुरू होतो. दोन्ही एकदम चालू ठेवण्याचा मोह टाळावा. समांतर जोडलेल्या स्पीकरांचे ओहम कमी होतात, हे वर येऊन गेले आहे. अशा प्लेअरच्या स्पीकरच्या टोकांवरून वायर काढून ती ब्लूटूथ स्पीकरच्या ऑक्समध्ये, म्हणजे बाहेरचा सिग्नल घेणाऱ्या सॉकेटमध्ये, थेट घालण्याची युक्ती लोक सांगतात. तिथला सिग्नल ऑक्ससाठी खूप मोठा असल्याने आवाज फाटतो.

सिरॅमिक कार्ट्रिजच्या डेकला ॲम्प्लिफायर बाहेरून द्यावा लागतो. सिग्नल पुरेसा मोठा असल्याने तो ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’मध्ये घालावा, ‘फोनो’मध्ये नव्हे. पण केवळ तेवढ्याने काम भागत नाही. सिरॅमिक कार्ट्रिजला पुढे दहा लाख ओहमच्या, म्हणजे १ मेगाओहमच्या आसपासचा भार हवा असतो, आणि आजच्या ऑक्सचा भार दहा ते पन्नास हजार ओहमच असतो. त्याचा परिणाम असा की खर्ज सगळा गळून जातो: तबल्याचा डग्गा नाहीसा होतो, चाटीचे टकटक तेवढे उरते, आणि गाणे शेजाऱ्याच्या फोनवरून येत असल्यासारखे वाटते. अनेकजण या टप्प्यावर स्पीकर बदलतात आणि फसतात. उपाय म्हणजे मध्ये एक छोटा बफर, म्हणजे कार्ट्रिजला हवा तेवढा भार देऊन सिग्नल पुढे पोचवणारे सर्किट, घालणे. टीएल ०७२ सारखी एक आयसी आणि मोजके भाग यांवर तो तयार होतो, आणि इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असलेला कोणीही तो एका संध्याकाळी बांधून देईल. ज्या काळचा डेक त्याच काळचा ॲम्प्लिफायर मिळाला आणि त्यावर ‘सिरॅमिक’ असे लिहिलेले सॉकेट असले तर बफरचीही गरज नाही.

मॅग्नेटिक कार्ट्रिजला फोनो प्रीअॅम्प्लिफायर लागतो. तो सिग्नल सुमारे शंभर पट वाढवतो आणि त्याबरोबर आणखी एक काम करतो, जे साध्या माइकच्या ॲम्प्लिफायरला जमत नाही. रेकॉर्ड कोरताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे स्वर उचललेले असतात, नाहीतर खर्जाच्या खाचा इतक्या रुंद झाल्या असत्या की एका बाजूवर वीस मिनिटे मावलीच नसती. १९५४ मध्ये ठरलेल्या आरआयएए (अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) वक्राप्रमाणे हे दाबणे-उचलणे दोन्ही टोकांना सुमारे २० डेसिबलपर्यंत जाते, आणि प्रीअॅम्प्लिफायर तेच बरोबर उलटे करून मूळ आवाज परत आणतो. जुन्या ॲम्प्लिफायरवर ‘फोनो’ लिहिलेले सॉकेट असेल तर हा भाग आतच असतो. नव्यात तो बहुधा नसतो आणि वेगळी छोटी डबी घ्यावी लागते. डबीची बाहेरची वायर ऑक्समध्ये घालावी. डबीतून निघून पुन्हा फोनोमध्ये घातली तर आवाज इतका चेंदामेंदा होऊन येतो की पहिल्या सेकंदालाच चूक कळते.

पाच भोकांच्या सॉकेटमध्ये मधले भोक, म्हणजे क्रमांक २, अर्थिंगचे असते. प्लेअरचा सिग्नल साधारणतः ३ आणि ५ या क्रमांकांवर येतो, ३ डावा आणि ५ उजवा. ही दोन्ही भोके मधल्या भोकाच्या एकाच अंगाला असतात. क्रमांक प्लास्टिकवर इतके बारीक छापलेले असतात की भिंग घेतल्याशिवाय दिसत नाहीत. तयार जोडवायर घेतली आणि आवाज आला नाही, तर ती वायर १ आणि ४ या भोकांना जोडलेली नाही ना हे आधी पाहावे, कारण टेपरेकॉर्डरसाठीच्या वायरी तशा मिळतात. आर्ममधल्या चार केसासारख्या वायरी सुटल्या असतील तर त्यांचे रंग ठरलेले आहेत: पांढरी डावी, निळी डाव्याची अर्थ, लाल उजवी, हिरवी उजव्याची अर्थ. त्यांना सोल्डर करताना कार्ट्रिज काढून ठेवावे. सोल्डरिंग आयर्नची ऊब त्याच्या आतपर्यंत पोचते.

डेकमधून एखादी सुटी बारीक वायर लोंबत असेल तर ती निरुपयोगी समजून कापू नये. ती ॲम्प्लिफायरच्या मागच्या अर्थच्या स्क्रूला बांधायची असते, आणि ती न बांधल्यास ५० हर्ट्‌झचा सलग ‘हम्म्’ असा आवाज गाण्याखाली येत राहतो. हमचे कारण शोधण्याची एक साधी रीत आहे. आवाजाचे बटण फिरवल्यावर हम वाढत असेल तर दोष अर्थिंगमध्ये किंवा सिग्नलच्या वायरीत आहे. बटण शून्यावर नेले तरी तो तेवढाच राहत असेल तर ॲम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायचा कंडेन्सर सुकला आहे, आणि कितीही वायरी बदलल्या तरी तो जाणार नाही.

स्पीकरच्या वायरीवर लोक नको तितका खर्च करतात. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. स्पीकर ५ मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन १० मीटरचे ०.१७ ओहम झाले, जे ८ ओहमच्या मानाने नगण्य आहे. घरातल्या वायरिंगची मऊ, अनेक तारांची दीड चौरस मिलिमीटरची जोडवायर पुरेशी होते. मात्र दोन्ही वायरींपैकी एकीवर खूण हवी, कारण धन-ऋण उलटे झाले तर काय होते ते मी भोगले आहे. एकदा दुरुस्तीहून परत आलेल्या जोडीतला एक स्पीकर आतून उलटा जोडलेला होता. गाणे चालू होते, तक्रार करण्यासारखे काही दिसत नव्हते. पण गायकाचा आवाज दोन स्पीकरच्या मध्ये न येता कानांच्या मागून कुठूनतरी आल्यासारखा वाटे आणि डग्गा हरवला होता. दोन आठवडे मी रेकॉर्ड धूत बसलो होतो.

ही चूक ओळखायला दीड व्होल्टचा साधा सेल पुरतो. स्पीकरच्या धन टोकाला सेलचे धन आणि ऋण टोकाला ऋण टोक क्षणभरच टेकवावे. मोठ्या स्पीकरचा कोन बाहेर आला तर खूण बरोबर, आत गेला तर उलटी. कान वापरायचा असेल तर मोनो रेकॉर्ड लावावी, आपल्याकडच्या कपाटांत ४५ आरपीएमच्या मोनो भावगीतांच्या ईपी असतातच, आणि दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर बसावे. आवाज नेमका मधल्या रिकाम्या जागेतून येत असेल तर जोडणी बरोबर आहे. डेक स्टिरिओ ॲम्प्लिफायरला जोडला तरी कार्ट्रिज मोनोचे असेल तर त्यावर स्टिरिओ रेकॉर्ड लावू नये. अशा बऱ्याच कार्ट्रिजची सुई वरखाली हलत नाही आणि स्टिरिओची खाच तीच घासून काढते.

स्पीकर शेवटी कुठे ठेवायचे हे ज्याच्या त्याच्या घरावर अवलंबून आहे, पण प्लेअरच्याच टेबलावर ते ठेवू नयेत. स्पीकरची थरथर टेबलातून सुईपर्यंत जाते, सुई ती पुन्हा ॲम्प्लिफायरला देते, आणि आवाज मोठा केला की ‘घूऽऽ’ असा वाढत जाणारा गडगडाट सुरू होतो. तपासायचे असेल तर मोटर बंद ठेवून एखाद्या जुन्या, नकोशा रेकॉर्डवर सुई हलकेच टेकवावी, आवाजाचे बटण नेहमीपेक्षा थोडे पुढे न्यावे आणि टेबलावर बोटाने टिचकी मारावी. टिचकीचा आवाज लगेच विरला तर स्पीकरची जागा ठीक आहे. तो घुमत वाढू लागला तर बटण झटकन मागे घेऊन स्पीकर दुसऱ्या स्टुलावर न्यावेत, आणि तेवढ्याने थांबत नसेल तर डेक भिंतीला ठोकलेल्या फळीवर ठेवावा.